स्वस्तातली हवेची कयाक घेताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

बेळगावकडच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला पहिल्यांदा कयाक, म्हणजे हवा भरून वल्ह्यानं चालवायची छोटी नाव, घेऊन गेलो त्या दिवशी ती पाण्यात उतरायच्या आधीच फुटली. दड्डीच्या बाजूला उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की काठाची जमीन उघडी पडते, लोक तिथं गाळपेर करतात आणि पीक निघालं की धसकटं तशीच राहतात, वाळून अगदी खिळ्यासारखी. आम्ही दोघं शहाणे, एकानं पुढचं टोक धरलंय, मागचं टोक जमिनीवरनं घासत चाललंय, पाणी अजून पन्नास पावलं लांब, आणि मागनं फुस्स. जवळच म्हशी सोडून एक मामा बसले होते. ते म्हणाले, "डोक्यावर घ्यायची की ओ, ओढतासा कशाला?" आता यावर काय बोलणार.

त्यानंतर बरेच पैसे आणि बरेच रविवार घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. असली कयाक पाण्यात क्वचित फुटते. ती काठावर फुटते, पंक्चरच्या दुकानात फुटते, माळ्यावर फुटते, आणि खरं सांगायचं तर मोबाईलवर ऑर्डर करतानाच निम्मी फुटलेली असते. म्हणून हे सगळं पाण्याबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त आहे.

आधी सांगतो हे कुणासाठी. साधारण पंधरा हजारांच्या आत बसणारी, स्कूटरच्या पायापाशी मावणारी, शांत पाण्यात जाऊन गळ टाकून बसायची कयाक. तलाव, धरणाचं बॅकवॉटर, हिवाळ्यातली संथ नदी, बस. दांडेलीला काळी नदीत राफ्टिंग करतात तसलं काही डोक्यात असेल तर हे वाचू नका, त्याला वेगळी बोट लागते आणि वेगळा खिसा.

पहिली चूक: फोटो बघून घेणे

ऑनलाईन सर्च केलं की 'फिशिंग बोट' नावाखाली जे येतं त्यातलं निम्मं स्विमिंग पूलची खेळणी असतात. फोटोत एक गोरा माणूस, हातात रॉड, मागं डोंगर, आपल्याला वाटतं वा. माझी पहिली तसलीच होती, एकच हवेचा कप्पा, पातळ प्लॅस्टिक, वल्ही म्हणजे लहान मुलांच्या क्रिकेटच्या बॅटी. धसकटावर फुटली ती हीच.

ओळखायची सोपी खूण सांगतो, वजन बघा. पेजवर खाली कुठंतरी पार्सलचं वजन लिहिलेलं असतं. तीन-चार किलो असेल तर ते खेळणं, डोळे झाकून सोडून द्या. खरी एकट्याची कयाक दहा-बारा किलोच्या पुढं जाते, दोघांची पंधराच्या आसपास. प्लॅस्टिक जाड असल्याशिवाय वजन येत नाही, जाहिरातीत काही लिहूदे. दुसरी खूण म्हणजे कप्पे. कमीत कमी तीन पाहिजेत, डावी बाजू, उजवी बाजू आणि तळ, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. एक गेला तरी उरलेल्या दोनवर लोंबकळत का होईना काठाला येता येतं.

आपल्याकडं सहज मिळणाऱ्यात इंटेक्सच्या चॅलेंजर आणि एक्स्प्लोरर या सीरिज लोक जास्त घेतात. एकट्याची चॅलेंजर के-१ साधारण २७४ सेंमी लांब आणि ७६ सेंमी रुंद, कंपनी १०० किलो सांगते. दोघांची एक्स्प्लोरर के-२ म्हणजे ३१२ सेंमी लांब, ९१ सेंमी रुंद, तिला १८० किलो. चॅलेंजर के-२ पण १८० किलोचीच आहे पण ती ३५१ सेंमी लांब आणि ७६ रुंद. हे आकडे मुद्दाम दिले, कारण पुढची चूक यातच आहे.

१८० किलो म्हणजे १८० किलो नव्हे

माझा दोस्त ८४ किलोचा, मी ७८. बेरीज १६२. आम्ही म्हटलं अजून अठरा किलोची जागा आहे की, आणि घातलं त्यात, थर्मासचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, टॅकल बॉक्स म्हणजे गळ-दोऱ्यांचा डबा, नांगर म्हणून दोरीला बांधलेला दगड, घरनं आणलेली भाकरी-झुणका. कंपनीच्या हिशोबानं पास. पाण्यात बसल्यावर तळ मधनं खचला, दोघांच्या बुडाखाली पाण्याचं डबकं, आणि कयाकचा आकार केळ्यासारखा, दोन्ही टोकं वर. वल्हं मारलं की पुढं जायच्याऐवजी वळवळायची.

बॉक्सवरचा आकडा म्हणजे तेवढ्या वजनाला ती तरंगते एवढंच. नीट चालते असं नाही. दोन-तृतीयांश धरा, म्हणजे १८० च्या कयाकवर माणूस-सामान मिळून १२० किलो. याचा अर्थ सरळ आहे, दोघांची कयाक ही मासे मारायला एका माणसाची कयाक. आणि १०० किलोवाली एकट्याची कयाक ही ६०-६५ किलोच्या सडपातळ पोराची, ती पण सामान कमी असेल तर.

म्हणून माझं मत विचाराल तर एकटे जाणार असाल तरी दोघांचीच घ्या, पण घेताना एक बघा, सीट सरकते का. काहींच्या सीट ठरलेल्या जागी अडकतात, पुढची काढून मागच्या सीटवर एकटे बसलात की पुढचं टोक आकाशात जातं आणि वारा त्याला धरून फिरवतो. सीट पट्ट्यांवर पुढंमागं होत असली पाहिजे म्हणजे मधोमध बसता येतं.

रुंदी का लांबी हा वाद मिटत नाही. लांब आणि अरुंद असेल तर सरळ पळते, रुंद असेल तर हलत नाही. गळ टाकून बसणाऱ्याला पळायचं कुठंय? मरळ लागली की आपण एका अंगाला वळतो, ओढतो, ओरडतो, त्यावेळी तीन फूट रुंदी बरी वाटते. मी रुंदवाल्यांच्या बाजूचा. दोस्त लांबवाल्यांच्या बाजूचा आहे आणि तो दोनदा पाण्यात पडलाय, मी फक्त नोंद केली.

बसायचं कसं हे मात्र घेण्याआधी करून बघा. जमिनीवर पाय लांब करून, गुडघे थोडे वर, पाठीला पातळसा टेकू, अशी चाळीस मिनिटं घरी बसा. आपल्याला मांडी घालून बसायची सवय, पाय लांब करून बसलं की कमरेत अर्ध्या तासात कळ येते. जमलं नाही तर सीटखाली घालायला योगा मॅटची चार घडी घ्या, दोन-तीन इंच उंची मिळाली तरी कंबर वाचते. त्याहून उंच करू नका, बूड जेवढं वर तेवढी कयाक डुगडुगणार. दांडेलीच्या बाजूला गणेशगुडीला पैसे देऊन कयाकमध्ये बसायला मिळतं, जाणं झालं तर बसून बघा. कयाकची जात वेगळी असेल पण कमरेचा निकाल तिथंच लागेल.

सगळं बजेट कयाकमध्येच घालवणे

ही चूक सगळेच करतात. पंधरा हजार आहेत ना, मग चौदा हजार नऊशेची कयाक. मग लाईफ जॅकेट? "पोहायला येतंय की." लेका, विहिरीत उड्या मारणं आणि बूट-जीन्ससकट भर पाण्यात, दोरी आणि गळाच्या गुंत्यात पोहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धरणाचा मधला भाग किती खोल आहे ते वरनं कळत नाही, खाली जुनी झाडं, बांध, विहिरी सगळं असतंय.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, पाण्यात ते किती जोरानं वर धरतं त्याचा. पोहता येत असेल आणि काठ जवळ असेल तर ५० न्यूटनवालं चालतं, हात मोकळे राहतात. पोहता येत नसेल तर १०० चं घ्या, जाड वाटेल, उकडेल, घाला. फुंकून भरायचं पूलमधलं केशरी जॅकेट म्हणजे जॅकेट नव्हे, कयाक हवेची आणि जॅकेटपण हवेचं, एकाच गळानं दोन्ही जातील. आणि बक्कल लावा, नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडलात की डोक्यावरनं निघून जातं आणि तुमच्याशिवाय मस्त तरंगतं.

वल्हं. किटमध्ये येणारं ॲल्युमिनियमचं वल्हं बहुतेक २१८ सेंमीच्या आसपास असतं, रुंद कयाकला ते आखूड पडतं. प्रत्येक वेळी हाताची बोटं कयाकच्या फुगलेल्या कडेला घासतात, तासाभरात साल निघते. २३० च्या पुढचं मिळालं तर बघा. नाहीच तर किटमधलंच वापरा पण त्याला दोरी बांधा. रविवार पेठेत नायलॉनची दोरी घेतली होती ती आजपर्यंत चाललीय, वल्ह्याच्या मधे एक टोक, कयाकच्या कडीला दुसरं. मासा लागला की वल्हं हातातनं कधी सुटलं ते कळत नाही, आणि वल्हं गेलं की तुम्ही म्हणजे पाण्यावरची पेंढी.

पंप किटमध्ये असतो, हातपंप, तो पुरतो. एक स्पंज घ्या, तो गाडी धुवायचा मोठा. बाकी काही लगेच घेऊ नका, कॅमेऱ्याचा स्टँड, कप होल्डर, सावलीची छत्री वगैरे. छत्रीचं तर नावच काढू नका, ते शीड होतं.

हवा: सगळ्यात जास्त कयाक इथं जातात

घरनं निघालो, हातपंप विसरला. दोस्त म्हणाला, त्यात काय, पंक्चरवाल्याकडं भरू. हायवेच्या कडेला थांबलो, कयाक गाडीवरनं अर्धी बाहेर काढली, पंक्चरवाल्यानं नळी व्हॉल्व्हमध्ये कोंबली, वरनं फडकं गुंडाळलं आणि सोडली हवा. बाजूचे कप्पे झटक्यात टम्म, आम्ही खूश. तळाच्या कप्प्यात घातल्यावर आतनं टक, टक, टक असा आवाज आला, ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा. आणि बघता बघता सपाट तळ मधनं फुगून लोडासारखा गोल झाला. बाहेरनं कुठंही फाटलं नव्हतं. आत प्लॅस्टिकचे उभे पडदे असतात, तेच तळाला सपाट धरून ठेवतात, ते एकेक करून तुटले. त्याला इलाज नाही. त्या कयाकवर बसलं की घोड्यावर बसल्यासारखं वाटायचं.

कारण साधं आहे. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, मोटरसायकलच्या टायरात ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. या कयाकमध्ये १ पीएसआयच्या आसपास, काहींच्या तळात त्याहून कमी. पंक्चरच्या दुकानातली टाकी १०० च्या वर असते. म्हणजे आपण भांडं घासायला अग्निशमनाची गाडी बोलावली. गाडीच्या चार्जरवर चालणारा टायर इन्फ्लेटरपण नको, त्याचा दाब जास्त आणि हवा कमी, तास जाईल आणि शेवटी फोडेल. गाद्या फुगवायचा बॅटरीचा पंप मिळतो तो चालतो, हवा भसाभस भरतो, शेवटचे दहा-पंधरा फटके हातपंपानं मारायचे.

किती भरायची? बऱ्याच कयाकवर कडेला छोटी मोजपट्टी छापलेली असते, हवा भरली की ती ताणून लांब होते, सोबतच्या कार्डवर धरून जुळवायची. ती पट्टी बघा, 'कडक लागतेय' म्हणून थांबू नका, आणि 'अजून थोडी' पण नको. व्हॉल्व्हवर आकडे छापलेले असतात त्याच क्रमानं भरा.

आता उन्हाचं गणित. पहाटे २५ अंशाला बरोबर १ पीएसआय भरली. अकरा वाजता चहा-भाकरीला काठावर आलो, कयाक खडकावर ओढून ठेवली, उन्हात. आतली हवा ५० अंशाला गेली तर दाब जवळजवळ सव्वा पीएसआयनं वाढतो. प्लॅस्टिक ताणतं म्हणून थोडा कमी धरा, तरी दुप्पट झालाच. टायरला सव्वा पीएसआय म्हणजे काहीच नाही, याला मात्र शिवण उकलायला तेवढं बास. म्हणून विश्रांतीला आलात की कयाक पाण्यातच राहूदे, दोरीनं बांधून, पाणी तिला गार ठेवतं. बाहेर काढलीच तर प्रत्येक कप्प्यातनं थोडी हवा सोडा.

आणि याचंच उलटं होतं तेव्हा लोक घाबरतात. काठावर उन्हात कडक भरली, गार पाण्यात घातली, दहा मिनिटांत मऊ. "लीक आहे, परत पाठव!" लीक नाही, हवा गार होऊन आकसली. पाण्यात घालून पाच-दहा मिनिटं थांबा, मग काठालाच उभं राहून चार फटके मारा, मग निघा.

नवीन आली की पहिलं काम, घरी हॉलमध्ये भरून ठेवा, सकाळी सात ते दुसऱ्या सकाळी सात. संध्याकाळी भरून पहाटे बघू नका, गारव्यानं मऊ लागणारच, विशेषतः डिसेंबरात बेळगावची थंडी म्हणजे. नवीन प्लॅस्टिक पहिल्या एक-दोन वेळा थोडं ताणतं पण, ते पण सोडून द्या. तिसऱ्यांदाही एकच कप्पा ढिला पडत असेल तर मात्र रिटर्नची तारीख संपायच्या आत परत. ही टेस्ट न करता माळ्यावर ठेवून सुट्टीची वाट बघणारे खूप आहेत, सुट्टी येते तोवर रिटर्न बंद.

हवा खरंच जातेय मग?

निम्म्या वेळा भोक नसतंच, व्हॉल्व्ह असतो. काही व्हॉल्व्हच्या आत पातळ रबराची पाकळी असते, हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. तिच्यावर वाळूचा एक कण बसला की संपलं, रात्रभरात कयाक पापड. आम्ही एकदा दोन तास साबणाचं पाणी घेऊन पूर्ण कयाक तपासली, बायको दारात उभी राहून बघत होती, शेवटी पोरानं झाकण उघडून बोटानं पाकळी पुसली आणि विषय संपला. म्हणून आधी व्हॉल्व्ह. झाकण उघडा, ओल्या कापडानं पाकळी पुसा, आटे नीट बसलेत का बघा.

मग साबणाचं पाणी. भांड्याचं लिक्विड पाण्यात घालून ब्रशनं लावा, आधी शिवणींवर, मग तळाला जिथं टाच टेकते तिथं, मग टोकांना जिथं आपण ओढतो तिथं. बुडबुड्यांची छोटी फुलं दिसली की पेननं गोल करा.

चिकटवायला लोक जे सापडेल ते वापरतात. इन्स्टंट ग्लू वाळून काचेसारखा होतो, प्लॅस्टिक वाकलं की तडकतो. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, या पीव्हीसीवर दोन दिवस टिकतं. नळाच्या पाईपचं सोल्युशन जाड पाईपसाठी असतं, पातळ प्लॅस्टिकला ते खातं. मऊ पीव्हीसीसाठीचं वेगळं चिकट मिळतं, ताडपत्री किंवा रेक्झिनचं काम करणाऱ्यांकडं विचारा, त्यांना माहीत असतं. किटमधला पॅच वापरणार असाल तर हवा पूर्ण काढा, स्पिरिटनं जागा पुसा, पॅच भोकापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठा आणि कोपरे गोल कापा कारण टोकदार कोपऱ्यापासनंच तो सुटत जातो. वर जड पुस्तक ठेवा आणि एक दिवस हात लावू नका. एक दिवस. आम्ही तीन तासांनी लावला होता.

तळात पाणी साचतंय म्हणून लीक समजणारे पण आहेत. भोक असेल तर हवा जाईल, पाणी कशाला येईल? ते पाणी वल्ह्यावरनं येतंय. वल्हं वर उचललं की दांड्यावरनं धार हाताकडं आणि मांडीवर. दांड्यावर दोन रबरी चकत्या असतात, त्या पात्याच्या जवळ सरकवा, मधे ठेवू नका. उरलेलं स्पंजनं.

आणि गोल फिरत असेल, एक फटका मारला की नाक डावीकडं, दुसरा मारला की उजवीकडं, तर मागं खाली लावायचा पंखा लावलाय का बघा. प्लॅस्टिकचा छोटा पंखा असतो, माशाच्या परासारखा, स्केग म्हणतात, बॉक्सच्या तळाला पिशवीत पडून राहतो, कितीतरी लोकांना तो कशाचा आहे हेच माहीत नसतं. मी सुरुवातीचे दोन महिने तो खवणीचा भाग समजत होतो. फक्त खानापूरच्या बाजूला, असोग्याला वगैरे मलप्रभेत हिवाळ्यात पाणी उथळ आणि खाली खडक असतात, तिथं तो अडकून तुटतो, उथळात काढून ठेवा.

मासे मारताना

हवेच्या नावेत गळ घेऊन बसायचं म्हणजे फुग्यांच्या दुकानात सुया विकायला बसण्यासारखं आहे, पण जमतंय.

एकाच वेळी एकच गळ उघडा. बाकीचे डब्यात, आणि तीन टोकांच्या ट्रेबल गळाला बाटलीच्या बुचाचा तुकडा टोचून ठेवा. मला गळापेक्षा मासाच जास्त महाग पडलाय. शिंगटीच्या कल्ल्यामागं दोन्ही बाजूला काटा असतो, ती धडपडली की तो ताठ उभा राहतो. चिलापीचा पाठीवरचा पंख पण काट्यांचाच. म्हणून पायाखाली तळावर जुनं गोणपाट भिजवून अंथरा, मासा कडेवरनं घासत ओढू नका, जाळीनं उचला आणि सरळ झाकणाच्या बादलीत. मरळ बादलीतनं उडी मारते, झाकण पाहिजेच.

रॉड ठेवायला कयाकवर चिकटवायचे होल्डर विकतात, ते आपल्या उन्हात सुटतात. दुधाचा जुना क्रेट मागं ठेवा, त्याला पीव्हीसी पाईपचे दोन फूटभर तुकडे बांधा, झालं. फक्त क्रेटच्या खालच्या कडा जुन्या सायकल ट्यूबनं गुंडाळा, त्या कडा सुरीसारख्या असतात.

नांगराला लोखंडी काटेरी नांगर नको. जाड कापडी पिशवीत दीड-दोन किलो वाळू, तोंड शिवलेलं, आणि दोरी. शांत पाण्यात तेवढी कयाक थांबते. बांधायची ती पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला, मधल्या बाजूला कधीच नाही, वाऱ्यानं ओढ घेतली की कड खाली जाते. आणि वाहत्या पाण्यात नांगर टाकूच नका. गाठ अशी मारा की एका ओढीत सुटेल.

कुठं घालताय ते बघा

राकसकोपला बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथं कयाक घेऊन जायचा विचार सोडा. बाकीच्या डॅमवर मत्स्य खात्याचे परवाने आणि गावतलावांवर ठेके असतात, पाणी दिसलं म्हणून गळ टाकायचा नाही. काठावरच्या माणसाला विचारा, हुक्केरी-सवदत्तीकडं मोडकंतोडकं "इल्ली मीनु हिडिबहुदा?" एवढं विचारलं तरी माणूस हसतो आणि नीट सांगतो. जाळी कुठं लावलीत ते पण त्यांनाच माहीत. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले की ती कुणाची तरी जाळी आहे, लांबनं जा, त्याचं पोट त्यावर आहे आणि तुमचा पंखा त्यात अडकणार.

कृष्णेबद्दल वेगळं सांगतो. चिकोडी-अथणीच्या बाजूला उन्हाळ्यात नदी एकदम गरीब दिसते. पण मगरी आहेत, आणि जेमतेम दीड फूट उंचीच्या हवेच्या पिशवीत पाण्याच्या पातळीला बसून मगर बघायची मला तरी हौस नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, वर महाराष्ट्रात धरणाचे दरवाजे उघडले की इथं पाऊस नसताना पाणी चढतं. आणि बंधारे. कल्लोळ-यडूरसारखा बंधारा असो नाहीतर दूधगंगा-वेदगंगेवरचा एखादा छोटा, वरनं पाणी सांडत असेल तर जवळ जाऊ नका, वरच्या बाजूनं पण नाही आणि खालच्या बाजूनं तर नाहीच. सांडलेलं पाणी खाली आपटून परत बंधाऱ्याकडं ओढतं, आत सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथंच गरगरत असतं, बघितलं असेल तुम्ही. माणूसही तसाच.

हिडकल किंवा सवदत्तीच्या नवीलुतीर्थसारख्या मोठ्या डॅमवर खरा शत्रू वारा. सकाळी सातला पाणी आरसा असतं, आपण गप्पा मारत मधे जातो. दहा-अकराला वारा उठतो. ही कयाक पाण्यात चार बोटं बुडते आणि वर दीड फूट असते, म्हणजे वाऱ्याला ती पानासारखी. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो ढकलत आणतो. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं, जाताना मजेत, येताना दीड तास वल्ही मारून तिथंच, शेवटी समोरच्या काठाला लागलो आणि कयाक गुंडाळून टमटमनं गाडीपाशी आलो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की पाण्यावरनं उतरा, वीज पडते तेव्हा उघड्या पाण्यावर हातात कार्बनचा रॉड घेतलेले तुम्हीच सगळ्यात उंच.

घरी आल्यावर

दमलेले असतो, कयाक गुंडाळून कोपऱ्यात. आठवड्यानं उघडली की काळी बुरशी आणि मेलेल्या माशाचा वास, घरातल्यांचा निकाल तेव्हाच लागतो. तळ आणि बाजूचे कप्पे जिथं जोडलेत त्या फटीत पाणी राहतं, तिथं पंचा घालून ओढून पुसा, पुन्हा अर्धी हवा भरून सावलीत रात्रभर ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडं काहीच वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली. मग थोडी टाल्कम पावडर, आणि सैल गुंडाळी. दर वेळी त्याच घडीवर दाबून घडी घातली की तिथंच चीर जाते, आमची तिसरी अशीच गेली.

कौलारू घराच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथं भट्टी असते, प्लॅस्टिक कडक होतं. आणि उंदीर. कयाकमध्ये एक भाकरीचा तुकडा राहिला होता, उंदरानं तो काढायला तीन कप्प्यांतनं सरळ बोगदा पाडला, पॅच लावायला सुरुवात केली आणि अकरा मोजून सोडून दिलं. आता चौथी आहे ती मी धान्याच्या पत्र्याच्या पिपात ठेवतो, झाकणावर दगड, कारण आमच्या गल्लीतल्या उंदरांना झाकण उघडता येतं.